गाडीमागे उभे राहणारे मामा

गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत कोणी गाडी मागे घ्यायला लागला, की वरच्या खोलीत मला आधी शिट्टी ऐकू यायची. मग मामांचा आवाज. "येऊ द्या, येऊ द्या... थांब. थांब म्हणलं ना."

मामा म्हणजे माझे घरमालक. सत्तरीला टेकलेले, अंगात बंडी, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली शिट्टी. जेवत असले तर खरकट्या हाताने उठायचे. एकदा तर अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून धावत आले होते. गाडीच्या मागे मधोमध उभे राहायचे आणि ती पुरती थांबेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. समोरच्या बंगल्यातल्या मास्तरांनी नवी कार घेतली तेव्हा ते वैतागून म्हणाले, "मामा, गाडीला मागं कॅमेरा आहे हो." मामा म्हणाले, "कॅमेऱ्याला पाय असतेत का?" आणि उभेच राहिले. गल्लीतली पोरं त्यांना ट्रॅफिक मामा म्हणायची. मीही म्हणायचो, अर्थात त्यांच्या माघारी. भाडेकरूला तेवढी अक्कल असते.

ते स्वतः मात्र गाडीत बसायचे नाहीत. बाजार, दवाखाना, शहरालगतच्या सातारा गावातला खंडोबा, सगळीकडे पायी. घरात त्यांच्या देवघरासमोर, म्हणजे देवाच्या बरोबर समोरच्या भिंतीवर, एक भलामोठा आरसा खिळ्याला टांगला होता. ट्रकच्या दाराला असतो तसला, लांबुळका, कडेने गंजलेला. मी एकदा विचारलं, "मामा, हा इथं कशाला?" तर म्हणाले, "देवाला मागचं दिसावं म्हणून." मग थोड्या वेळाने म्हणाले, "त्याला दिसतंच. मला दिसावं म्हणून." मला दोन्ही उत्तरं कळली नाहीत. म्हातारपणी डोकं थोडं सरकतं, असं समजून मी चहा पिऊन वर गेलो.

देवाशी ते मोठ्याने बोलायचे, तेही शेजाऱ्याशी बोलावं तसं. "आज नळ यायचा वार हाय. सुटतंय का नाय? मागल्या टायमाला बी असंच गप बसलास तू." नळाला पाणी कितव्या दिवशी येईल याचा भरवसा आमच्या शहरात कोणी देत नाही, पण मामा त्याचा जाब खंडोबाला विचारायचे. पाणी आलं की चिमूटभर भंडारा टाकीवर उधळायचे. पत्नी बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली. मूलबाळ नव्हतं. घराणं मेंढरं राखणारं. "बापाच्या मागं हजार पायांची रांग असायची," ते म्हणायचे, "अन् एक लंगडलं तरी बाप न बघता वळायचा." वडिलांबद्दल ते एवढंच सांगायचे.

आणि दर रविवारी अकराच्या सुमाराला गिरजाबाई यायच्या.

रिक्षातून उतरायच्या, डाव्या बाजूला झुकत झुकत ओट्यावर चढायच्या. डावा पाय घोट्याच्या वरून प्लॅस्टिकचा होता. मामांनी सकाळपासून वांगी भाजून भरीत केलेलं असायचं, बाजरीच्या भाकरी थापलेल्या असायच्या. ते खाली मान घालून वाढायचे आणि बाई जेवता जेवता बोलायच्या. "डायवर, मीठ कुठं ठेवलंस? भाकर जाळलीस का रे?" त्या त्यांना कधी नावाने हाक मारायच्या नाहीत. डायवरच म्हणायच्या. जेवण झालं, हात धुतले, की मामा देवापुढची भंडाऱ्याची ताटली आणून त्यांच्यासमोर धरायचे आणि कपाळ पुढे करायचे. बाई ती ताटली हाताच्या मागच्या बाजूने सारायच्या. मग रिक्षा यायची आणि त्या जायच्या. मला वाटायचं, नातेवाईक असतील, जुनं काही भांडण असेल. आपल्याकडे बहीण-भाऊ असे वर्षानुवर्षं भांडतात आणि जेवायला येतातही.

मी तेव्हा शेंद्र्यात एका कंपनीत प्रेसवर सुपरवायझर होतो. पत्र्याचे भाग कापणारी मोठी मशीन. तिच्या तोंडाशी एक सेन्सर असतो, म्हणजे प्रकाशाची अदृश्य रेघ. त्या रेघेत माणसाचा हात आला की मशीन थांबते. आमचा सेन्सर धुळीने सारखा अडखळायचा. हात नसतानाही मशीन थांबायची. त्या आठवड्यात माल जायचा होता, वरून फोनवर फोन येत होते, मेकॅनिक रजेवर होता. मी एक वायरचा तुकडा घेतला आणि सेन्सर बायपास केला, म्हणजे हात आला तरी मशीन थांबणार नाही असा. माझ्या हाताने. ऑपरेटर ज्ञानेश्वर बाजूलाच उभा होता. त्याला सगळे माउली म्हणायचे. तो म्हणाला, "सायेब, असं चालतं का?" मी म्हणालो, "आजच्या दिवस. हात सांभाळून टाक."

दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना, माउलीच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

त्याला गाडीत घालून पाठवलं आणि मी मशीनजवळ परत आलो. वायर अजून तिथंच होती. मॅनेजर आले, त्यांनी ती पाहिली आणि विचारलं, "हे कोणी केलं?" माझ्या तोंडातून शब्द निघाला, "ऑपरेटरने." मी विचार केला नव्हता, कट केला नव्हता. पण नंतर जबाबाचा कागद आला तेव्हा विचार करायला भरपूर वेळ होता, आणि मी त्यावर सही केली. चौकशी बसली. दोष माउलीवर आला तर त्याची नोकरी जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी उरलेल्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवणार? हेही मला माहीत होतं. तरी मी रोज डबा खात होतो.

त्याच महिन्यातल्या एका रविवारी दुपारी माउलीची बायको आमच्या दारात उभी राहिली. संगीता नाव. गावाकडून दोन वाहनं बदलून आली होती. गिरजाबाई ओट्यावर जेवत होत्या, मामा वाढत होते, आणि मी वर जायच्या जिन्यात होतो. पळायला जागा नव्हती.

"सायेब," ती म्हणाली, "मी भांडायला नाय आले. कंपनीत कागद तुमचा हाय. माझा मालक म्हणतो तार तुमी लावली. तुमी म्हणता त्यानं लावली. मला कागदातलं कळत नाय." तिने दारातून आत पाहिलं. देवघर तिथून दिसत होतं. "इथं देव हाय. आमचा बी हाच देव. बेल-भंडार उचला अन् सांगा. तुमी म्हणाल ते मी मानते."

बेल-भंडार उचलून खोटं बोलायचं नसतं, हे आमच्या परभणीकडेही लहान पोराला माहीत असतं. मी मामांकडे पाहिलं. ते भाकरीची टोपली हातात धरून उभे होते. त्यांनी काही म्हटलं असतं, नुसतं 'सायेब' म्हटलं असतं, तरी माझा धीर सुटला असता. ते काही बोलले नाहीत. मी आत गेलो, ताटलीतून बेलाचं पान आणि मूठभर भंडारा उचलला. समोरच्या आरशात माझा चेहरा दिसत होता. मी म्हणालो, "वायर त्याने लावली."

संगीताने माझ्या मुठीतल्या भंडाऱ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मग तो माझ्यापशी खोटं बोलला." आणि पदर डोक्यावर घेऊन गेली.

गिरजाबाईंनी घास ताटात ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मग मामांकडे. "डायवर," त्या म्हणाल्या, "ह्यो तुझाच भाऊ निघाला."

मी त्या दिवशी अंगणातल्या नळाखाली दगडाने हात घासला. नळाला पाणी नव्हतं, बादलीतलं होतं तेवढं वापरलं. हळद निघाली, पण मला ती दिसतच राहिली. बुधवारी कंपनीत एका ऑपरेटरने सांगितलं, माउली जेवत नाही, कोणाशी बोलत नाही. बोटं गेली त्याचं त्याने सोसलं होतं. पण बायको घरी येऊन म्हणाली, देवापुढं साहेब खरं बोलले, तू माझ्याशी खोटं बोललास. तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून पडून आहे. ऑपरेटरने हे सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मोटारसायकल काढून ती नेईल तिकडे गेलो. हर्सूलच्या तलावापाशी थांबलो. रणरणत्या उन्हात काठावर बसून राहिलो. पाण्याकडे बघताना मनात काय काय येत होतं ते इथे लिहीत नाही, पण ते चांगलं नव्हतं. खरं सांगायचं तर माफी मागावी असं मला वाटतच नव्हतं, कारण कोणाकडे मागणार? माउलीकडे जायला तोंड नव्हतं आणि देवापुढे तर मी भंडारा उचलून खोटं बोललो होतो. दोन्ही दारं मीच लावून घेतली होती.

फोन वाजला. मामा. "सायेब, टाकी भरली का वर जाऊन बघा बरं."

"मी बाहेर आहे मामा."

"कुठं?"

"असाच आलोय." मग ते म्हणाले, "वांगी भाजायला टाकलीत. आज रविवार नाय, पर टाकलीत. दोघांची हायेत. मी एकटा किती खाईन? या."

मी का उठलो, मला आजही नीट सांगता येत नाही. कोणीतरी माझ्या नावाची वांगी भाजत होतं, आणि ती वाया जातील एवढाच विचार डोक्यात होता.

घरी गेलो. मामांनी वाढलं आणि समोर बसले. पहिल्यांदाच ते मला तू म्हणाले. "लेकरा, मी बी उचलला होता."

मग त्यांनी सांगितलं. ते पाण्याचा टँकर चालवायचे. एका वस्तीत बायका ड्रम, हंडे घेऊन थांबलेल्या. क्लीनर आला नव्हता. मागे कोणी उभं नव्हतं. मामांनी आरशात न बघता टँकर मागे घेतला आणि पाइप धरायला पुढे आलेल्या गिरजाबाईंचा पाय चाकाखाली गेला. वस्तीतल्या माणसांनी त्यांना साताऱ्याच्या खंडोबापुढे उभं केलं, तेव्हा मामांनी बेल-भंडार उचलून सांगितलं की मी आरशात बघितलं होतं, शिट्टी मारली होती, बाईच आडवी आली. "शिट्टी कुठली? शिट्टी नव्हतीच. दोन वरीस मी तसाच फिरलो. घरात बायको मेली, तरी डोळ्याला पाणी आलं नाय. दगड झाला होता माझा."

"मग?"

"मग एक दिवस टँकर उभा केला, आरसा उपटला अन् पायी देवाकडं गेलो. म्हणलं, मी खोटं बोललो. मोठ्यानं म्हणलं, पुजारी बी ऐकत होता. मग पोलिसात जाऊन सांगितलं, जे व्हायचं ते झालं. मग बाईच्या दारात गेलो, रविवारी जेवायला या म्हणलं."

"देवाने माफ केलं?" मी विचारलं.

"त्यानं? त्यानं तिथंच केलं," मामा म्हणाले. त्यात त्यांना जराही शंका नव्हती, पाणी किती वाजता सुटलं ते सांगावं तसे म्हणाले. "मी पायरीवरच झोपलो. दोन वरसांनी झोप लागली. देव काय हिशोब धरून बसत नाय. तू तोंड उघडायची वाट बघतो, बस. पर बाईचा पाय बाईचा हाय. तो माफ करायचा का नाय, हे देव बी तिच्यावर सोडतो. आमच्या घराण्यात असं हाय, खोटा उचललेला भंडारा ज्याचं वाटुळं केलं त्याच्या हातानं आपल्या कपाळाला लागला पायजे. तवा तो उतरतो. मी सतरा वरसं ताटली धरायलो."

"त्या लावत नाहीत."

"नाय. मी एकदा विचारलं, मग येता कामून? तर म्हणली, तू विसरशील म्हणून." मामा हसले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पर येती ना. सतरा वरसात एक रविवार चुकला नाय. देवच आणतो तिला. तो मला म्हणला, तू जा, मी संग हाय. एवढ्यावर मी जगलो."

मी खूप रडलो. लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. भरीत तसंच राहिलं, ते मामांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मला गरम करून खायला लावलं.

शुक्रवारी चौकशी होती. गाडीत न बसणारे मामा त्या दिवशी माझ्या मोटारसायकलवर मागे बसले. हातात फडक्यात बांधलेली भंडाऱ्याची ताटली. जालना रोडवर त्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला होता की संध्याकाळी तिथे वळ दिसला. कंपनीच्या गेटवर वॉचमनने त्यांना आत सोडलं नाही. "मी इथंच हाय," ते म्हणाले.

आत टेबलापलीकडे तिघे बसले होते. मॅनेजरांनी कागद पुढे सरकवला. "आधीच्या जबाबात काही बदल नाही ना?" विचारणं असं होतं की उत्तर 'नाही' हेच यावं. बदल नाही म्हटलं असतं तर दोन मिनिटांत बाहेर आलो असतो, पगार चालू, खोली चालू, सगळं चालू. मी तोंड उघडलं आणि शब्द फुटेना.

तेवढ्यात बाहेरून शिट्टी ऐकू आली. गेटपाशी कुठला तरी ट्रक मागे येत होता. "येऊ द्या... येऊ द्या..." त्या परक्या जागेत, वॉचमनने हाकललेला म्हातारा, कोणाच्या तरी ट्रकमागे उभा होता.

"बदल आहे," मी म्हणालो. "वायर मी लावली."

मॅनेजर म्हणाले, "विचार करून बोला." मी म्हणालो, "विचार करून खोटं बोललो होतो साहेब. हे आपोआप आलंय." नवा जबाब लिहायला तासभर लागला. त्या तासात शिट्टी अजून तीनदा वाजली, आणि प्रत्येक वेळी माझं अक्षर जरा सरळ आलं.

तिथून आम्ही माउलीच्या गावी गेलो. तो खाटेवर पडलेला, हात फडक्यात. आम्ही आलो तरी संगीता चुलीपुढून उठली नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वायर, सही, भंडारा. नवा जबाब लिहून दिला तेही. मी बोलत असताना संगीता उठून नवऱ्याच्या पायथ्याशी जाऊन बसली आणि तिने त्याच्या पायावर हात ठेवला. तो भिंतीकडून वळला. त्याने माझ्याकडे नाही, तिच्याकडे पाहिलं.

मामांनी फडकं सोडलं आणि ताटली माझ्या हातात दिली. मी ती माउलीपुढे धरली, कपाळ पुढे केलं. माउलीने ताटलीकडे पाहिलं. मग फडक्यातला हात चादरीखाली घेतला.

"आज नाय," तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर मी नुसती गाडी चालवत होतो. मामा मात्र मागून माझ्या कानात जवळजवळ ओरडत होते. "आज नाय म्हणला. ऐकलं का? कधीच नाय असं नाय म्हणला. आज नाय म्हणला. मला बाईनं सात वरसं तोंडातून शब्द दिला नव्हता." त्यांना इतका आनंद झाला होता की एका सिग्नलला ते शिट्टी वाजवणार होते, मीच अडवलं.

माउलीला कंपनीने स्टोअरमध्ये घेतलं. मला राजीनामा लिहायला सांगितलं आणि मी तो लिहिला. चिकलठाण्यात एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम लागलं. तिथे दोनच प्रेस आहेत. रोज सकाळी चालू करण्याआधी मी सेन्सरच्या रेघेत स्वतःचा हात घालून बघतो. कामगार हसतात. हसोत. रविवारी सकाळी मी माउलीच्या गावी जातो. माउली बसायला सांगतो, संगीता चहा देते, मी ताटली धरतो, तो हात मागे घेतो. येताना रस्त्यात मी देवाशी बोलतो. आधी लाजत बोलायचो, आता मोठ्याने बोलतो. तो संग असतो यावर माझा विश्वास बसला आहे. मामांनी मला ते शिकवलं नाही. ते आपलं ट्रकमागे उभे राहिले.

मामा या वर्षी गेले. पाणी यायचा वार होता, सकाळी नळाशीच बसलेले सापडले. शेजारी बादली अर्धी भरली होती.

रविवार नव्हता, तरी गिरजाबाई आल्या. मामांना अंगणात ठेवलं होतं. एकेक जण ताटलीतून भंडारा घेऊन त्यांच्या कपाळाला लावत होता. बाईंची पाळी आली. मी ताटली पुढे धरली. त्यांनी मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ताटली हाताच्या मागच्या बाजूने सारली. नेहमीसारखी. मला त्यांचा राग आला. आता तरी, असं तोंडावर आलं होतं, ते मी गिळलं.

तेवढ्यात वैकुंठरथ गल्लीच्या तोंडाशी आला. गल्ली अरुंद, गाडी उलटीच आत घ्यावी लागणार होती. ड्रायव्हरने मागे घ्यायला सुरुवात केली आणि सगळे एकदम ओरडायला लागले, कोणी डावीकडे म्हणतोय, कोणी उजवीकडे. दोन लहान पोरं मध्येच पळाली. गाडी थांबली, हलली, पुन्हा थांबली. आमच्या सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की मागे कोणी उभं नाही.

गिरजाबाई ओट्यावरून उतरल्या. देवघराच्या खिळ्याला मामांची शिट्टी अडकवली होती, ती त्यांनी काढली. झुकत झुकत गल्लीत गेल्या आणि मागे येणाऱ्या गाडीच्या मागे, बरोबर मधोमध, जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी प्लॅस्टिकचा पाय जमिनीवर नीट रोवला. त्यांनी शिट्टी वाजवली.

"येऊ द्या," त्या म्हणाल्या. "येऊ द्या."

गाडी त्यांच्याकडे येत राहिली आणि त्या पाऊल पाऊल मागे सरत तिला दारापर्यंत घेऊन आल्या. मग थांबवली. घामाने त्यांचं कुंकू ओघळलं होतं. शिट्टी गळ्यात तशीच ठेवून त्या माझ्याजवळ आल्या.

"ताटली आण," त्या म्हणाल्या.

मी आणली. त्यांनी माझ्या कपाळाकडे निरखून पाहिलं. "तुझं झालं का रे?"

"नाही अजून," मी म्हणालो.

"मग जात राहा," असं म्हणून त्यांनी चिमूट उचलली आणि मामांच्या कपाळाला भंडारा लावला.